उसाचं पाचट पेटवणं गावानं कसं थांबवायचं? (वाळवा-पलूस पट्टा)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडं ऊसतोडी जोरात आहेत. तोडणाऱ्यांची टोळी फड (उसाचं रान) उरकून गेली की त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी पाचट, म्हणजे मागं राहिलेला वाळका पाला, पेटतं. एकाच वेळी तीन-चार फड जळताना दिसतात. अंगणवाडीच्या पत्र्यावर, दोरीवरच्या कपड्यांवर, गोठ्यातल्या हौदाच्या पाण्यावर काळी पाती येऊन पडतात. सकाळी थंडीत तो धूर ओढ्याच्या अंगानं खालीच साचून राहतो आणि सायकलवरून शाळेला जाणारी पोरं तोंडाला रुमाल बांधून त्यातून जातात.

पाचट जाळू नये हे आता कुणाला सांगायचं राहिलेलं नाही. फलक लागले, मेळावे झाले, व्हॉट्सॲपवर दर हंगामाला तेच फोटो फिरतात. तरी पेटतंच. माझं मत असं झालंय की माहिती कमी पडत नाही. टोळी गेल्यापासून पाण्याची पाळी येईपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात करता येण्यासारखं दुसरं काही शेतकऱ्याच्या हाताशी आपण ठेवलेलंच नाही. काडी मात्र खिशात असते.

ज्यांच्या गावात किंवा निदान एखाद्या पट्ट्यात हे थांबलं असेल त्यांनी नेमकं काय केलं ते लिहावं. जाळणाऱ्याला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. माझे चुलते जाळतात आणि माणूस म्हणून ते सोन्यासारखे आहेत.

येरळाकाठ

दादा, प्रश्न बरोबर मांडलाय. मी जाळणाऱ्यांची बाजू सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

पाटपाण्याला पाचट अडतं. सरीत पाणी तुंबतं, फुटून शेजारच्या सरीत जातं. त्यात शेतीची लाइट रात्रीची. बॅटरी घेऊन थंडीत बांध घालत फिरायचं आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. पाचटात उंदीर असतात, उंदरामागं घोणस येते. ही भीती काल्पनिक नाही, दरवर्षी आसपासच्या कुठल्या तरी गावात कुणाला तरी चावलेलं असतं.

सगळ्यात मोठी अडचण शेजाऱ्याची. मी पाचट ठेवलं आणि बांधापलीकडच्यानं पेटवलं, तर वारं सुटल्यावर ठिणगी माझ्याच रानात येणार. फुटवे आलेला खोडवा (तोडीनंतर राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस) आणि ठिबकच्या नळ्या एकदमच जातात. आमच्या शिवारात हे घडलंय. तेव्हापासून त्या बांधाला लागून असलेले सगळे एकमेकांना फोन करून एकाच दिवशी पेटवतात. म्हणजे विचारून काम करायची सवय आहे. तीच सवय न पेटवण्यासाठी कशी लावायची, ते कुणी सांगेल का?

फलटणकर

मी कृषी खात्यातून निवृत्त झालोय. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात बरंच जाणं-येणं होतं. 1932 पासूनचं केंद्र आहे आणि आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी खोडव्याचे प्लॉट एकदा डोळ्यांनी बघून यावेत.

येरळाकाठ, पाण्याच्या अडचणीवर उपाय आहे. सगळ्या सऱ्यांत पाचट पसरूच नका. एक आड एक सरीत दाबून बसवा, मोकळ्या सरीतून पाणी सोडा. त्याआधी बुडख्यांवरचं पाचट ओढून घ्या आणि बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा. वर उरलेल्या कांड्यावरचे डोळे फुटले तर ते कोंब कमजोर निघतात, जमिनीखालचे जोमदार येतात. मग पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकायचे आणि पाणी द्यायचं.

इथं युरिया टाळू नका. जिवाणू पाचट कुजवताना जमिनीतलं नत्र आधी स्वतःसाठी वापरतात. वरून नत्र दिलं नाही तर खोडवा पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो, पाचट ठेवलं आणि ऊस बसला. पुढच्या हंगामाला तो नक्की पेटवणार. ज्यांनी एकदा करून सोडून दिलं त्यांच्याकडं चौकशी केली की बहुतेक वेळा हेच निघतं.

पुढची खतं पहारीनं द्यायची. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल भोक. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरवड्याच्या आत, दुसरा 130 ते 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या अंगाला. खत मुळाजवळ पडतं, वाहून जात नाही.

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात साधारण 40 ते 50 किलो नत्र आणि 3 ते 4 टन सेंद्रिय कर्ब असतो. पेटवल्यावर पालाश राखेत बऱ्यापैकी उरतं, ते मान्य. राखेनं ऊस काळाभोर येतो असं म्हणणारे जुने लोक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण नत्र आणि कर्ब हवेत जातो, आणि आपल्या पट्ट्यात आज दुखणं कर्बाचंच आहे. क्षारपड झालेल्या रानाची ढेकळं हातात घेऊन बघा, फुटत नाहीत. निचरा नसलेलं रान असेल तर मात्र आधी चर काढा, मग पाचटाचं बघा.

आबोली

फलटणकर काका, माहिती उत्तम दिलीत. एक विचारते. पाचट सरीत दाबायचं, बुडखे छाटायचे, पहारीनं भोकं पाडून खत घालायचं, ही कामं कोण करतं?

आमच्या कराड तालुक्यात तरी बायका करतात. घरच्या बाईनं केलं तर 'खर्च काही नाही' असं धरतात. रोजगारी बाई असली तर तिचा रोज गड्यापेक्षा कमी. पाचटाच्या पात्याच्या कडा करवतीसारख्या असतात, मनगटं चिरतात, गळ्याला कुसं लागून रात्रभर खाज सुटते. काडी लावली की हे सगळं वाचतं. म्हणून कितीतरी घरांत पेटवा म्हणणारी बाईच असते आणि तिचं म्हणणं मला पटतं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. आच्छादन केलं की तण कमी येतं, भांगलण वाचते, असं आपण फायद्यात लिहितो. ज्या बाईच्या हाताला भांगलणीचे रोज असतात तिच्या दृष्टीनं तो फायदा आहे का?

आमच्या बचत गटानं मग हेच काम उक्तं घ्यायला सुरुवात केली. ट्रॅक्टरमागं चालणारं पाचट कुट्टीचं मशीन भाड्यानं आणतो. बुडखे छाटणं आणि पहारीचं खत यांचा एकरी दर ठरलेला. बाई असो वा गडी, वाटणी सारखी. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट गटाच्या पैशातून घेतले. पहिल्या हंगामाला दोन-चार जणांनीच बोलावलं. नंतर लोक स्वतःहून विचारायला लागले, कारण त्यांना 'टोळी गेली, आता काय' याचं उत्तर एका फोनवर मिळत होतं. पर्यावरणावर आम्ही कुणाला एक शब्द सांगितला नाही. रान भुसभुशीत झालेलं त्यांनी पायानं बघितलं.

कृष्णाकाठ

आबोलीताई, तुमच्या शेवटच्या चार ओळींसाठीच धागा काढला होता असं म्हणतो. दर आणि मशीनबद्दल नंतर सविस्तर विचारतो.

माणदेशी

मी आटपाडीचा. आमच्याकडं उसाचे फड थोडे, त्यामुळं धूर तुमचा आणि टंचाई आमची अशी वाटणी आहे. राग मनात नाही, पण मुद्दा मांडतो.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आमच्यापर्यंत येतं. प्रत्येक थेंबाला वीज लागते. तुम्ही आच्छादन केलं, ओल टिकली, उन्हाळ्यात पाळ्यांमधलं अंतर वाढवता आलं, फार चांगलं झालं. पण वाचलेलं पाणी कुणाचं? त्याच पाण्यावर वरच्या माणसानं आणखी एकरभर ऊस लावला तर कालव्याच्या शेवटच्या माणसाला काय मिळालं?

याच सांगली जिल्ह्यात नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा भरवल्या. येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्यात ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क धरला. आपल्या मातीत ही कल्पना रुजलेली आहे. तेव्हा गाव पाचटाचा निर्णय घेणार असेल तर त्यासोबत पाणी वापर संस्थेत लांबलेल्या पाळीचं काय करायचं, तेही लिहून घ्या. नाहीतर हवा सगळ्यांची सुधारेल आणि पाणी परत ज्याचं होतं त्याचंच राहील.

कोयता

धागा वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातून तुमच्या भागात तोडीला येत होते. मी साखरशाळेत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुलांच्या शाळेत, शिकलो, आता कराडला नोकरीला आहे.

तुम्ही तोडीनंतरच्या आगीबद्दल बोलताय. उभा ऊस पेटवून तोडतात त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ते का होतं, सांगतो. तोडणीची मजुरी टनावर मिळते. उसाचं पाचट काढत, साळत तोडायला वेळ जातो. जळालेला ऊस भराभर तुटतो, म्हणून टोळीलाही ते बरं पडतं. हंगाम सरत आला, उन्हं वाढली, टोळी यायला तयार नाही, ऊस वाळायला लागला की शेतकरीही मागं लागतो. जळका ऊस लवकर गाळला नाही तर साखर घटते, म्हणून त्याला आधी तोड मिळते. बिलात कपात होते खरी, पण फड एकदाचा मोकळा होतो. आधी पेटवणाऱ्याचा नंबर आधी लागत असेल तर लोक पेटवणारच. कारखान्याच्या शेती विभागानं ही रांग बदलल्याशिवाय गावाचे ठराव पुरे पडणार नाहीत.

जळक्या फडात काय होतं तेही ऐका. वाढं जातं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, गाडीच्या बैलांची वैरण, आणि उरलेलं विकून रोजचा किराणा येतो. उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेले, पैसे आधीच संपलेले असतात, वाढ्याचेच पैसे तेवढे हातात पडतात. आई दुपारपर्यंत इतकी काळी व्हायची की डोळे तेवढे दिसायचे. रात्री खोकायची, थुंकी काळी यायची. धाकटी बहीण बांधावर झोळीत असायची. दुखलं म्हणून बसलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जायचे. बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते तुम्ही वाचलं असेलच.

माझं सांगणं एवढंच. जमिनीलगत तोड पाहिजे, पाचट सरीत नीट पडायला पाहिजे, तर ते टोळीशी आधी बोला आणि त्याचे वेगळे पैसे कोयत्याला द्या. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे लक्षात ठेवा. पैसे मुकादमाच्या (टोळीच्या म्होरक्याच्या) हातात गेले तर बाईपर्यंत पोचत नाहीत. बुडाच्या कांड्यात साखर जास्त असते, जमिनीलगत तोडीनं तुमचं टनेजही वाढतं. खुशालीच्या नावानं शेतकरी टोळीला वरचे पैसे देतोच आणि दोघंही चिडलेले असतात. तेच पैसे कामाचे म्हणून ठरवून दिले तर कुणाला कमीपणा नाही.

दवाखाना_तासगाव

कोयता, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

डॉक्टर म्हणून थोडंच सांगते. डोळ्यांना दिसणारी काळी पाती त्रासदायक असली तरी ती नाकात अडकतात. खरा धोका 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा, ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हिवाळ्यात संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, त्यामुळं धूर वर निघून जात नाही. आपल्याकडं पेटवायची वेळ नेमकी संध्याकाळचीच असते. तोडीच्या महिन्यांत दम्याची मुलं आणि जुन्या खोकल्याची म्हातारी माणसं माझ्याकडं वाढतात, त्यात चुलीसमोर बसणाऱ्या बायका जास्त. फडाच्या धुराच्या आधी त्यांच्या छातीत घरचा धूर गेलेला असतो.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यानं 2002 साली ऊस जाळणं टप्प्याटप्प्यानं बंद करायचा कायदा केला. 2007 च्या करारानं मुदत आणखी अलीकडं आणली. जाळणं खरोखर कमी झालं. पण ते झालं मोठ्या तोडणी यंत्रांमुळं, आणि हातानं तोडणाऱ्यांचा रोजगार मोठ्या प्रमाणावर गेला. आपण ठरवताना हे डोळ्यासमोर असावं. धूर थांबला आणि कोयत्याचं काम गेलं, तर माझ्या दवाखान्यात खोकल्याऐवजी उपासमार येईल.

शिवारफेरी

एवढं बोलण्यापेक्षा ग्रामपंचायतीनं दंड लावावा. पाचशे-हजार बसले की आपोआप थांबतात.

आबोली

शिवारफेरी, दंड वीस गुंठेवाल्याला बसतो. वीस एकरवाला दंड भरून पेटवतो, आणि तक्रार त्याच्याविरुद्ध कुणी करत नाही. आधी मशीन आणि माणसं मिळायची सोय करा. सोय असूनही पेटवलं तर मग बोलू.

कोयता

आणि आग कुणी लावली, यात पहिलं नाव टोळीचं घेतलं जातं. दंड लावलाच तर तो कुणाच्या अंगावर येणार ते मला आत्ताच माहीत आहे.

शिवारफेरी

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. दंडाचं सोडून देतो. पण मग सोय असूनही पेटवणाऱ्याला थांबवायचं कसं, ते सांगा.

पाटणखोरं

विषय जरा वेगळा, पण चाल तीच आहे. आमच्या डोंगरात गवत चांगलं यावं म्हणून वणवा लावतात. जिथं थांबला तिथं पावसाळा संपताच गावानं मिळून जाळरेषा काढल्या, आणि गवत कापून विकायचा हक्क ज्यांच्याकडं जनावरं कमी त्यांना दिला. ज्या माणसाचं उभ्या गवतात काही अडकलेलं असतं तो रात्रीही उठून बघायला जातो. पाटील सांगून थांबवू शकले नव्हते, ते त्या चार-सहा घरांनी थांबवलं. शिवारफेरी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

येरळाकाठ

पाटणखोरं, हे पटलं. म्हणजे सुट्या-सुट्या शेतकऱ्याला पटवण्यात अर्थ नाही, पट्टा धरला पाहिजे. रस्ता ते पाट, किंवा ओढा ते पाणंद, जिथं आग आपसूक अडते तेवढं सलग शिवार. त्यातले सगळे तयार झाले तर शेजाऱ्याच्या ठिणगीची भीती जाते. एकजण जरी अडला तरी बाकीचे घाबरणार. आमच्या त्या फोन करणाऱ्या बांधकऱ्यांना मी हेच सांगतो. आणि सापाचं म्हणाल तर पाळी दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात बसवून घ्यावी लागेल आणि पायात गमबूट लागतील.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं वाचून आमच्यापुरतं असं ठरवतोय.

संपूर्ण गावाचा ठराव आत्ता करायचा नाही. शाळेच्या मागचा ओढ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पट्टा धरायचा. त्यात लहान खातेदार जास्त आहेत, एक मोठा बागायतदार आहे, आणि धूर थेट शाळेत जातो. कुट्टी आणि बुडखे छाटणीचं काम आमच्या वाडीवरच्या भूमिहीन बायकांच्या गटाला उक्तं द्यायचं, दर आबोलीताईंशी बोलून. ज्यांच्याकडं लगेच पैसे नाहीत त्यांचे पैसे उसाचं बिल जमा झाल्यावर घ्यायचे. टोळी यायच्या आधी मुकादमासमोर कोयत्याशी जमिनीलगत तोडीचं बोलून घ्यायचं, पैसे फडावरच आणि बाईच्या हातात. डॉक्टरांना विनंती, शाळेत पालकांसमोर एकदा यावं, पण सांगताना जाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. माझे चुलते समोर बसलेले असतील.

माणदेशी, पाण्याचा विषय पाणी वापर संस्थेच्या बैठकीत मांडतो. विरोध होईल हे आत्ताच सांगतो. मोठा बागायतदार पाचट ठेवायला तयार होईल, पाळी सोडायला होणार नाही. तरी इतिवृत्तात मुद्दा येऊ दे, पुढच्या वर्षी बोलायला आधार राहील.

कारखान्याच्या गटऑफिसला जळक्या उसाच्या नंबराबद्दल सगळ्यांच्या सह्यांचं पत्र देतोय. कोयता, मसुदा तुम्ही बघून द्याल का? तुमच्याइतकं नेमकं आम्हाला लिहिता येणार नाही.

एक अडचण राहिली. आमच्या पट्ट्यात निम्म्या सऱ्या जुन्या तीन-साडेतीन फुटी आहेत. तिथं ट्रॅक्टर घालता येईल का?

कोयता

मसुदा पाठवा. रविवारी मोकळा आहे.

माणदेशी

इतिवृत्तात आलं तरी आमच्यासाठी पुष्कळ आहे. बैठकीला बोलावलंत तर मी स्वतः येतो.

फलटणकर

साडेतीन फुटीत मोठा ट्रॅक्टर घालू नका, चाक बुडख्यांवर चढतं आणि खोडव्याला तूट पडते. तिथं कुट्टी न करता पाचट तसंच एक आड एक सरीत दाबून बसवा. कुजायला वेळ जास्त लागेल, एवढंच. लहान ट्रॅक्टरचं मशीन मिळालं तर आधी एका कडेच्या सरीत फिरवून बघा. मशीन कुठलंही असो, टोळी गेल्यापासून आठवड्याच्या आत फिरायला हवं. त्यानंतर कोंब वर आलेले असतात, ते मोडतात. म्हणून गटाला तोडीच्या तारखा आधी कळायला पाहिजेत. स्लिपबॉयकडून (कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याकडून) पट्ट्यातल्या फडांचा क्रम लिहून घ्या आणि मशीन त्या क्रमानं बुक करा. जिवाणूंची पाकिटं सावलीत ठेवा, उन्हात ठेवलेली कामाची राहत नाहीत.